दुखऱ्या कमरेने उंचावर चढताना पट्टा कोणता घ्यावा?

"कमरेचा पट्टा द्या" असे दुकानात जाऊन म्हटले, तर तीन वेगवेगळ्या वस्तू हातात पडू शकतात. औषधाच्या दुकानात मिळतो तो रुंद, ताणला जाणारा, पाठीकडून पातळ कांड्या घातलेला आणि पोटावर चिकटवायचा पट्टा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो कमरेभोवती बांधायचा एकच जाड पट्टा, त्याला एक दोरी आणि एक हुक. सुरक्षा साहित्याच्या दुकानात मिळतो तो खांद्यांवरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांभोवती जाणारा पूर्ण अंगाचा पट्टा. कामाच्या ठिकाणी त्याला 'फुल बॉडी हार्नेस' म्हणतात. आपल्याकडे मात्र तिन्हींना बेल्टच म्हणतात. पहिला दुखणे थोडे सुसह्य करतो, पण माणूस घसरला तर त्याचा काडीचा उपयोग नाही. दुसरा पडणाऱ्या माणसाला दोरीवर अडवतो खरा, पण अडवताना त्याचीच कंबर मोडू शकतो. कंबर आधीच दुखत असेल तर तिसराच घ्यायला हवा, आणि तोही अंगावर चढवून, लटकून, तपासून घ्यायला हवा. तो कसा तपासायचा, हे या वेळच्या आरोग्य पानावर पाहू.

डोंगर चढण्याची हौस करणारे आपल्या धाराशिव जिल्ह्यात थोडेच. आपल्या वस्त्यांतली माणसे चढतात ती पोटासाठी. वीजवाहिनीच्या ठेकेदाराकडे खांबावर चढणारी पोरे आहेत, मोबाइल टॉवरवर रंग आणि दुरुस्ती करणारी आहेत. भूम, वाशी, कळंबकडच्या माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हापासून त्या कामावर जाणारी आहेत. आणि पुण्याला जाऊन उंच इमारतींना दोरीवर लटकून रंग देणारी तर जवळपास प्रत्येक वस्तीत एखाद-दुसरा सापडेल. यातल्या अनेकांची कंबर या कामावर येण्याआधीच झिजलेली असते. सोळा-सतराव्या वर्षी ऊसतोडीला गेलेला मुलगा उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतो. विहिरीच्या कामावरचा दगड उचलतो. तिशी गाठेपर्यंत "उसण भरली", "चमक निघते", "मणक्यात गॅप आहे" हे शब्द घरात रोजचे होतात. हे तो मुकादमाला सांगत नाही. उचल घेतलेली असते, किंवा उद्यापासून कामावर येऊ नको म्हणतील ही भीती असते. मग औषधाच्या दुकानातला पट्टा शर्टाच्या आत बांधायचा, वरून ठेकेदाराने दिलेला कमरपट्टा अडकवायचा आणि चढायचे. घरच्यांना वाटते, दोन-दोन पट्टे आहेत, काळजी नाही.

कमरेवर नेमका भार कसा येतो

कमरेच्या भागात पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचीक गादी असते. बहुतेक कंबरदुखी ही स्नायू आणि सांध्यांच्या ताणाची असते आणि काही आठवड्यांत कमी होते. गादी बाहेर येऊन मज्जातंतूवर दाब देऊ लागली की कळ कुल्ल्यातून मांडीत, पिंढरीत, पावलापर्यंत उतरते. त्यालाच आपण सायटिका म्हणतो. एक्स-रे पाहून कोणी "गॅप आला आहे" म्हटले की माणूस खचतो, पण काहीच दुखत नसलेल्या कित्येकांच्या एक्स-रेमध्येही तसा बदल दिसतो. तेव्हा केवळ त्या एका शब्दावरून काम सोडू नये, आणि काही होत नाही म्हणून कळ अंगावरही काढू नये.

आता दोन्ही हात कमरेवर ठेवा, भांडणाला उभे राहतो तसे. बोटांखाली जे कडक हाड लागते ते कमरेच्या कड्याचे वरचे टोक. डाव्या-उजव्या दोन्ही हाडांच्या टोकांना जोडणारी रेघ मागे पाठीवर ओढली, तर ती साधारण चौथ्या मणक्यावरून जाते. पट्ट्याविषयी पुढे जे काही सांगतो ते याच हाडाभोवती फिरते. पट्टा या हाडावर टेकला आणि उरलेला भार मांड्यांच्या पट्ट्यांनी घेतला, तर मणके बरेच मोकळे राहतात. पट्टा हाडाच्या वर सरकून बरगड्या आणि कडे यांच्यामधल्या मऊ पोकळीत शिरला, की सगळे वजन नेमके दुखऱ्या जागी येते.

खांबावर काम करणारा माणूस खांबाला दोरीचा वळसा घालून ती दोन्ही कुशींवरच्या कड्यांत अडकवतो आणि मागे रेलून हात मोकळे करतो. या वेळी त्याची पाठ पट्ट्यावर टेकलेली असते, पाय खांबाला रेटत असतात. पट्टा हाडावर असेल तर हे खुर्चीत टेकून बसल्यासारखे असते. पट्टा वर चढला असेल तर तो मागून कंबर पुढे ढकलतो, पाठीचा बाक वाढतो, आणि वीस मिनिटांत माणूस "कंबर धरली" म्हणू लागतो. मग तो एका पायावर भार घेतो, अंग पिळवटतो, आणि त्या पिळात हातोडा किंवा पाना चालवतो. दुखऱ्या गादीला वाकणे आणि पिळणे एकदम आले की ते सर्वांत वाईट.

दोरीवर पूर्ण लटकून रंग देणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला पोटाजवळच्या कडीने वर ओढून धरलेले असते. मांडीचे पट्टे सैल असले तर सगळे वजन कमरेच्या पट्ट्यावर येते, अंग मागे झुकते, आणि डोके वर राखण्यासाठी पोटाचे नि कमरेचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. संध्याकाळी याची कंबर का भरते, हे एव्हाना कळले असेल. रंगवाल्यांनी लाकडी पाटाचा पाळणा वापरावा, म्हणजे दोरीला टांगलेली, बसायची रुंद फळी. बुडाखाली फळी आली की कमरेवरचा भार बराच उतरतो. मात्र त्या फळीवर बसलेल्याच्या अंगात पूर्ण हार्नेस हवाच, आणि तो फळीच्या दोरीला न अडकवता वेगळ्या, स्वतंत्र बांधलेल्या दुसऱ्या दोरीला अडकवलेला हवा. फळीची दोरी तुटली तर ही दुसरी दोरी माणसाला धरते.

एकट्या कमरपट्ट्याचा धोका

दोन मीटर, म्हणजे साधारण साडेसहा फूट, पडायला एका सेकंदापेक्षाही कमी वेळ लागतो. खाली पोचेपर्यंत माणसाचा वेग ताशी बावीस किलोमीटरच्या घरात गेलेला असतो. ताणल्या न जाणाऱ्या दोरीने हा वेग एका क्षणात थांबवला, तर ऐंशी किलोच्या माणसाला बसणारा हिसका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. तो सगळा हिसका कमरेभोवतीच्या एका पट्टीवर आला, तर माणूस तारेवर वाळत घातलेल्या धोतरासारखा मधोमध दुमडतो. मणका, बरगड्या, आतड्या, मूत्रपिंड, काहीही जखमी होऊ शकते. पट्टा सैल असेल तर तो छातीवर सरकतो किंवा माणूस त्यातून खाली निसटतो. अमेरिकेत पडण्यापासून अडवण्यासाठी एकटा कमरपट्टा वापरायला १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. आपल्याकडे तो अजून दुकानात लटकलेला दिसतो आणि स्वस्त असतो म्हणून ठेकेदार तोच आणतो. कंबर धडधाकट असलेल्यानेही तो पडण्यापासून बचावासाठी वापरू नये, मग दुखऱ्या कमरेच्या माणसाने तर नाहीच.

पूर्ण हार्नेसमध्ये पडतानाचा हिसका मांड्या, कमरेचे कडे आणि खांदे यांच्यात वाटला जातो, आणि मागची कडी दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांच्या मध्ये असल्यामुळे माणूस उभ्या स्थितीत लटकतो. त्यासोबत दोरीत शॉक अब्सॉर्बर लागतो. घडी घालून शिवलेली ती पट्टी हिसका बसताच उसवत जाते आणि जोर कमी करते. प्रमाणित अब्सॉर्बर अंगावर येणारा जोर सहा किलोन्यूटनच्या आत ठेवतो, म्हणजे सुमारे सहाशे किलो वजनाइतका. हा आकडाही लहान नाही, म्हणून पडण्याचे अंतरच कमी ठेवायला हवे. हुक नेहमी डोक्याच्या वर अडकवावा, पायाजवळ कधीच नाही. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: दोन मीटरची दोरी, उसवलेला अब्सॉर्बर आणि माणसाची स्वतःची उंची मिळून खाली साधारण सहा मीटर, म्हणजे वीस फूट मोकळी जागा लागते. दहा-बारा फुटांवर काम असेल आणि लांब दोरी पायाजवळ बांधलेली असेल, तर अब्सॉर्बर उघडण्याआधी माणूस जमिनीला लागतो. तिथे आखूड दोरी वापरावी किंवा सरळ परांचीला कठडा लावून घ्यावा.

निवडताना काय पाहायचे

सर्वांत आधी लेबल. आपल्याकडच्या मालावर 'आयएस ३५२१' हा भारतीय मानकाचा क्रमांक असावा. बाहेरच्या मालावर पूर्ण हार्नेससाठी 'ईएन ३६१', आणि खांबाला रेलून काम करायच्या कमरेच्या भागासाठी 'ईएन ३५८' असे लिहिलेले असते. आपल्याला कंबर टेकवायची असेल तर एकाच हार्नेसमध्ये हे दोन्ही हवेत. नुसता ईएन ३६१ चा पट्टा पडताना वाचवतो, पण त्याला कमरेची गादी आणि कुशीच्या कड्या असतीलच असे नाही. लेबलवर बनवल्याची तारीख आणि वजनमर्यादा पाहा. पुष्कळ पट्ट्यांवर ती शंभर किलो असते, आणि त्यात हत्यारांची पिशवीही धरायची असते. लेबलच नाही, किंवा कापून टाकले आहे, असा पट्टा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

मग गादी. मागची पाठगादी मधोमध निदान दहा सेंटीमीटर रुंद असावी, म्हणजे साधारण अर्धी वीत. ती मऊ असावी पण लिबलिबीत नको. दोन बोटांनी दाबली की लगेच चपटी होणारी स्पंजाची गादी दुकानात छान वाटते आणि खांबावर तिचा उपयोग होत नाही. भार आला तरी जिचा आकार टिकतो ती चांगली. फार उंच गादीही घेऊ नका. "जास्त आधार" म्हणून बरगड्यांपर्यंत येणारी गादी बसल्यावर वर ढकलली जाते आणि पट्टा हाडावरून उचलते. आमचे स्पष्ट मत असे, की कमरेच्या दुखण्यासाठी लोक गादीकडे जेवढे पाहतात त्याच्या दुप्पट त्यांनी मांडीच्या पट्ट्यांकडे पाहावे. मांडीचे पट्टे रुंद, गादीचे, आणि स्वतंत्र बकलने घट्ट-सैल होणारे असले आणि बुडाखालून जाणारी पट्टी असली, तर लटकताना आणि पडताना वजन तिथे जाते. तिथे वजन गेले की कंबर आपोआप सुटते.

अंगात घालताना क्रम ठेवा. आधी हार्नेस मागच्या कडीला धरून झटका, म्हणजे पट्ट्यांचा पीळ निघेल. बंडी घालतो तसा खांद्यांवर चढवा. कमरेचा पट्टा हाडावर आणून बांधा. मग मांडीचे पट्टे, आणि शेवटी छातीचा. मांडीत पट्टा आणि पाय यांच्यामध्ये सरळ पंजा जावा, मूठ जाऊ नये. कुशीच्या कड्या दोन्ही बाजूंना एकाच पातळीवर, हाडाच्या आसपास याव्यात. एक वर, एक खाली असली तर रेलताना अंग तिरके होणार. मागची कडी फऱ्यांच्या मध्ये आहे का, हे घालणाऱ्याला स्वतःला दिसत नाही. ते आई, बायको, भाऊ, जो कोणी घरी असेल त्याने पाहावे. ती कडी मानेवर चढलेली असेल तर हनुवटीला मार बसतो, पाठीच्या मध्यापर्यंत उतरलेली असेल तर माणूस लटकताना पुढे वाकतो, आणि पुढे वाकून लटकणे दुखऱ्या कमरेला सोसवत नाही.

यानंतरची तपासणी दुकानदार सहसा करू देत नाही, पण ती केल्याशिवाय पैसे देऊ नयेत, किंवा परत घेण्याच्या बोलीवर तरी न्यावा. जमिनीपासून पाऊलभर उंचीवर प्रत्यक्ष लटकून पाहा. पत्र्याच्या शेडच्या अँगलला लटकू नका. चिंचेची किंवा निंबाची जाड, जिवंत फांदी, नाहीतर पक्की तुळई हवी. पायाखाली स्टूल ठेवा, जवळ दोन माणसे उभी करा. आधी कुशीच्या कड्यांवर रेलून पाहा, मग पोटाच्या कडीवर, मग मागच्या कडीवर. प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटे पुरतात. एवढ्यात चार गोष्टी कळतात: कमरेचा पट्टा हाडावर राहिला की वर सरकला, वजन मांड्यांत जाणवते की कमरेत, मांडीच्या आतल्या बाजूला कुठे चिमटा बसतो का, आणि नेहमीची कळ पायात उतरते का. कळ उतरली तर तो पट्टा तुमचा नव्हे. पट्टे पुन्हा बसवून पाहा, माप बदला. तरीही उतरली तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत हे कामच नको.

उंची, जाडी आणि बांधा पाहून माप घ्यावे. "एकच माप सगळ्यांना" असे लिहिलेला पट्टा बारीक अंगाच्या पोराला नेहमी मोठा होतो, आणि आपल्याकडची बहुतेक पोरे बारीक अंगाचीच. ढगळ पट्टा आवळला की कड्या पुढे सरकतात. काही भगिनीही आता परांचीवर आणि टॉवरच्या कामावर आहेत. त्यांनी छातीची पट्टी वरखाली सरकणारी आणि मांडीचे पट्टे वेगळे बसवता येणारे असलेला पट्टा पाहावा. पुरुषी मापाचा पट्टा त्यांच्या कड्यावर नीट टेकत नाही.

पवनचक्कीच्या मनोऱ्यात शिडी चढायची असते, तिथे छातीवरची पुढची कडी लागते. शिडीच्या मधल्या रुळावर किंवा तारेवर सरकणारा अडकणी-यंत्राचा हुक तिला लावतात. ऐंशी मीटरचा मनोरा धरला आणि पायऱ्या फूटभर अंतरावर असल्या, तरी एका फेरीला अडीचशेहून जास्त पायऱ्या होतात. इथे कंबर दुखते ती हाताने अंग ओढल्यामुळे. पायांनी ढकलत चढावे, शरीर शिडीजवळ ठेवावे, मधल्या प्रत्येक फलाटावर थांबावे. हत्यारांची पिशवी पाठीला किंवा एका कुशीला लावू नये, मागाहून दोरीने ओढून घ्यावी. एका बाजूला लोंबणारी पाच-सहा किलोची पिशवी दिवसभर कंबर एकाच दिशेला वाकवत राहते.

पुण्या-मुंबईचे गिर्यारोहक वापरतात तो फक्त कमर आणि मांड्यांचा हलका हार्नेस कोणी स्वस्तात देऊ केला, तर तो टॉवरच्या कामाला घेऊ नका. तो खडक चढणाऱ्यासाठी आणि ताणल्या जाणाऱ्या दोरीसाठी बनवलेला असतो. त्याला मागे कडीच नसते.

औषधाचा पट्टा आतून बांधावा का?

नको. आतल्या कांड्या वरच्या पट्ट्याखाली दाबल्या जातात, हार्नेसचे माप बिघडते, तो हाडावर टेकत नाही, आणि पडल्यास त्या कांड्याच बरगडीत घुसू शकतात. दुसरे असे, की असा पट्टा बांधल्याने निरोगी कामगाराची कंबर दुखायची टळते, असे सिद्ध झालेले नाही. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने, निओशने, १९९४ मध्येच हे सांगून ठेवले आहे. पट्टा बांधला की माणसाला ताकद आल्यासारखे वाटते आणि तो जास्त वजन उचलतो, हे तर आपण रोज पाहतो. डॉक्टरांनी काही दिवसांसाठी सांगितला असेल तर तो घरी आणि जमिनीवरच्या कामात वापरावा.

सुई टोचून किंवा गोळी घेऊन चढण्याबद्दलही सांगायला हवे. काही वेदनाशामक आणि स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी गुंगी येते, चक्कर येते. गोळी कोणती आहे ते डॉक्टरांना विचारा, आणि "मी उंचावर काम करतो" हे त्यांना आपण होऊन सांगा. ते विचारणार नाहीत. शिवाय दुखणे मारून चढले की कंबर थांबायची खूण देते तीच ऐकू येत नाही.

कोणत्या लक्षणात मुळीच चढायचे नाही, ते ठळक लक्षात ठेवा. पाऊल उचलताना लोंबते, पायातली ताकद कमी होते. बसण्याच्या जागी, दोन्ही मांड्यांच्या मध्ये बधिरपणा येतो. लघवी अडते किंवा कळत नकळत होते. यातले काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तालुक्याला सोय नसेल तर धाराशिवच्या शासकीय रुग्णालयात जावे. इथे तासांचा हिशेब असतो, तेल-मालीश करून दिवस काढू नये. उंचावरून पडल्यानंतर सुरू झालेली कंबरदुखी, किंवा तापासोबतची कंबरदुखीही तशीच दाखवावी. बाकी साध्या कंबरदुखीत अंथरूण धरून पडू नये, झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहावे. बहुतेकांना त्यानेच उतार पडतो.

लटकलेल्या माणसाला किती वेळ ठेवायचे

हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाच्या मांड्यांतले रक्त वर परत यायला अडथळा होतो. शुद्ध असेल तरी काही मिनिटांत चक्कर येऊ शकते, शुद्ध हरपली तर जीव जाऊ शकतो. म्हणून "पट्टा आहे ना, लटकू दे, माणसे बोलावू" हा हिशेब चुकीचा आहे. काम सुरू होण्याआधीच ठरवून ठेवावे: खाली कोण उभा राहील, शिडी कुठे आहे, वर कोण चढेल. लटकलेल्याने पाय हलवत राहावे, भिंतीला किंवा खांबाला रेटावे. चांगल्या हार्नेससोबत पायाखाली घालायची एक फाशासारखी पट्टी मिळते. तीवर उभे राहून मांड्या मोकळ्या करता येतात. दुखऱ्या कमरेच्या माणसाने ती जरूर घ्यावी, कारण बधिर लटकल्यावर कंबर लवकर आखडते. खाली उतरवल्यावर त्याला सपाट झोपवावे, श्वास पाहावा, १०८ ला फोन करावा. मणक्याला मार लागल्याची शंका असेल तर चौघांनी हातपाय धरून उचलून जीपमध्ये कोंबू नये. डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून फळीवर न्यावे.

खर्च कोणाचा?

हार्नेस ठेकेदाराने द्यायचा असतो. सुरक्षेचे साहित्य पुरवणे ही मालकाची जबाबदारी आहे, ती मजुराच्या हजेरीतून कापून घेण्याची गोष्ट नाही. बांधकामाशी जोडलेल्या कामावर वर्षात नव्वद दिवस भरलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. रंगकाम आणि वीजजोडणीचे कामही त्यात बसते. नव्वद दिवसांचा दाखला ग्रामसेवक, नगरपालिका किंवा ठेकेदाराकडून घ्यावा लागतो. ज्यांनी नोंदणी केली त्यांना मंडळाकडून मिळालेल्या सुरक्षा संचात हेल्मेट, बूट, हातमोजे यांच्यासोबत हार्नेसही असतो. तो पेटीत तसाच ठेवू नका. बाहेर काढा, वर सांगितले तसे लेबल पाहा, लटकून पाहा. पडण्यापासून वाचवायला तो चालेल, पण कमरेची गादी आणि कुशीच्या कड्या नसतील तर खांबाला रेलण्याच्या कामाला तो पुरणार नाही. ही उणीव ठेकेदाराला दाखवून चांगला पट्टा मागता येतो. चौघांनी मिळून मागितला तर जास्त लवकर मिळतो, हे वेगळे सांगायला नको. स्वतः घ्यायची वेळ आलीच, तर स्वस्त आणि चांगल्या पट्ट्यातला फरक काही दिवसांच्या हजेरीएवढा असतो. कमरेचे ऑपरेशन आणि नंतरचे घरी बसणे याच्यापुढे तो काही नाही.

पुण्यात असलेली पोरे जयंतीला गावी येतात. येताना पट्टा सोबत आणायला सांगा आणि उजेडात बसून हाताने चाचपा. पट्टीच्या कडा उसवल्या आहेत का, रंग उडून पट्टी कडक झाली आहे का, शिलाईचा दोरा तुटला आहे का, बकल अडकते का, हुकाची जीभ आपोआप मिटते का. ऊन, सिमेंट, रंगातले थिनर आणि बॅटरीचे ॲसिड नायलॉनला आतून खातात. वरून पट्टी चांगली दिसत असली तरी दुमडल्यावर तडे दिसतात. धुवायचा तर कोमट पाण्यात साध्या साबणाने, आणि वाळवायचा सावलीत. एकदा कोणी त्यात पडला, किंवा अब्सॉर्बर थोडा जरी उसवला, की तो पट्टा संपला. तसा पट्टा दुसऱ्याला विकू नका, म्हशीला बांधायलाही ठेवू नका, कारण सहा महिन्यांनी कोणीतरी तो पुन्हा अंगात घालतो. कात्रीने मांडीचे आणि खांद्याचे पट्टे कापा आणि मग टाका.